बुजुर्गांच्या नावाचे गाव : अवसरी बुद्रुक

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, चाकण, राजगुरुनगर, पेठ मागे पडले की अवसरीचा घाट लागतो. घाट ओलांडला की मंचर येते. मंचरजवळ अवसरी नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. खुर्द हा फारसी शब्द, अर्थ लहान. बुद्रुक हे ‘बुजुर्ग’ या फारसी शब्दाचेच मराठी रूप, अर्थ थोरला, वडीलधारा. महाराष्ट्रात अशी जोडगावे जागोजागी आहेत. सुलतानी काळातला हा शब्द मराठी बोलीने असा घोळून घेतला की पाटीवर ‘बुद्रुक’ वाचताना तो आपल्या दादाजानसाठी आपण रोज वापरतो तोच शब्द आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आम्ही मोहल्ल्यातले पाच जण एसटीने या गावी गेलो, त्यामागे एक कारण होते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक गेल्या वर्षापासून शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहतात. मुले परदेशात, घरी उचलायला-बसवायला कुणी नाही, त्यामुळे सगळ्यांच्या संमतीनेच हा निर्णय झाला. आम्ही महिन्यातून एकदा फळे घेऊन भेटायला जातो. जेवण, औषध, स्वच्छता यांबद्दल त्यांची काही तक्रार नाही. कुणाला आपली गरज लागत नाही, एवढेच ते बोलून दाखवतात. चाळीस वर्षे मुले शिकवलेल्या माणसाला आम्ही केळी देत होतो आणि त्यांना हवे होते काम. गावात म्हातारपण कसे जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे त्यामुळेच मनात आले. आमच्यातल्या एकाचे स्नेही अवसरी बुद्रुकचे, म्हणून हे गाव ठरले.

कांदालागवडीचे दिवस होते. एका वाफ्याच्या कडेला बसून एक आजी रोपांच्या जुड्या बांधत होत्या. त्यांना वाकून लागवड करणे जमत नव्हते. पण कोणते रोप लावण्याजोगे आणि कोणते फेकण्याजोगे, याचा निवाडा त्यांच्याकडेच होता. लागवड करणाऱ्या बायका जुडी घ्यायला त्यांच्याकडेच येत होत्या. पुढे पारावर तीन-चार म्हातारे बसले होते. “या पाव्हणं, कुठलं म्हणायचं?” अशी चौकशी झाली. आमची नावे, गावे, धंदे सगळे विचारून झाल्यावरच चहा आला. तेवढ्यात एक तरुण मोटारसायकल थांबवून पूर्वी बांध कुठून जात होता, ते विचारून गेला. थोड्या वेळाने त्यांतले एक आजोबा घड्याळ पाहून उठले. नातवाला अंगणवाडीतून आणण्याची वेळ झाली होती.

ही कामे तशी लहान आहेत. पण त्या दिवशी ती आजी वाफ्यावर नसती, तर लागवड करणारीला उठून रोपे निवडावी लागली असती. आजोबा उठले नसते, तर नातू वाट पाहत बसला असता. आपण नसलो तर कुणाचे तरी अडेल, हे माहीत असलेला माणूस सकाळी वेगळ्या मनाने उठतो.

गावात सगळे गोड आहे असे मात्र नाही. तरुण पोरे चाकणच्या कारखान्यांत आणि पुण्यात पांगली आहेत. कित्येक घरांत दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूपबंद खोली उरते. शिवाय कष्ट आणि काम यांतला फरकही तिथेच नीट दिसतो. गुडघे गेलेले असताना घरात दुसरे कुणी नाही म्हणून सरपण वाहणारी बाई सेवेचा आनंद घेत नसते, तिला विश्रांतीचीच गरज असते. बुजुर्गांना काम द्यावे ते त्यांना विचारून, त्यांच्या ताकदीचे, आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवून.

वृद्धाश्रम ही काही कालपरवा बाहेरून आलेली गोष्ट नाही. पुण्यातल्या नवी पेठेतील ‘निवारा’ ही संस्था बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. पुढे 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात किमान 150 जणांची सोय होईल अशा वृद्धाश्रमांची तरतूद केली. या कायद्यात निर्वाहाचा अर्थ अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असा सांगितला आहे. एवढे मिळणेही अनेकांना दुरापास्त आहे, म्हणून कायदा हवाच. पण उपयोगी पडण्याची भूक कोणत्याही कायद्याने भागत नाही. ती घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओळखायची असते.

आपल्या दीनमध्ये ही भूक ओळखलेली आहे. आई-वडील म्हातारे झाले तर त्यांच्यापुढे ‘उफ’देखील काढू नये, ही कुरआनची ताकीद आपण मुलांना शिकवतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांची आणखी एक शिकवण आहे. सूर्य उगवतो त्या प्रत्येक दिवशी माणसाच्या प्रत्येक सांध्यावर सदका असतो. दोघांत न्याय करणे, कुणाला वाहनावर चढायला हात देणे, चांगला शब्द बोलणे, वाटेतला अडथळा दूर करणे, हे सारे सदका. यात वयाची सवलत सांगितलेली नाही. म्हणजे पंच्याहत्तरीच्या माणसालाही रोज काही द्यायचे असते. आपण त्याच्या सगळ्या गरजा पुरवून देण्याची वाटच बंद करतो, तेव्हा खिदमतीच्या नावाखाली त्याचा हक्क काढून घेतो.

परतताना फांगणे गावाचा विषय निघाला. अवसरीच्या भागातून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरले की ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका लागतो. तिथल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी अक्षरे गिरवू लागल्या. दुपारची वेळ अशासाठी की तोवर घरची कामे उरकतात. काम देताना माणसाचा दिवस पाहून वेळ ठरवावी, हे त्या शाळेकडून शिकण्यासारखे आहे. शास्त्रज्ञ सुगाता मित्रा यांच्या ‘ग्रॅनी क्लाउड’मध्ये 2009 पासून ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षिका आणि इतर स्वयंसेवक इंटरनेटवरून भारतातल्या मुलांना गोष्टी सांगू लागले. खोलीबाहेर पडता न येणारा माणूसही मोबाइलवरून एवढे करू शकतो. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरात ह्युमॅनिटास वृद्धाश्रमाने विद्यार्थ्यांना बिनभाड्याने खोल्या दिल्या. त्या बदल्यात त्यांनी महिन्याला तीस तास तिथल्या वृद्धांचे चांगले शेजारी म्हणून घालवायचे. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खुर्दच्या पोरांनी मोबाइल शिकवावा आणि बुद्रुकच्या बुजुर्गांनी शेती, नाती, व्यवहार सांगावा, असा बेत आम्ही एसटीत बसल्या बसल्या आखला. आपल्या मोहल्ल्यातही तो चालण्यासारखा आहे.

सुरुवात लहान असावी. आश्रमाच्या व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी, औषधाच्या आणि नमाजच्या वेळा विचारून घ्याव्यात. आठवड्यातून एक तास पुरे. शिक्षक असतील तर दहावीच्या चार मुलांना त्यांच्याकडे न्यावे, शिवणकाम येणाऱ्या खालाजानकडे मुलींना बसवावे, जुना हिशेबनीस असेल तर मशिदीच्या किंवा मदरशाच्या जमाखर्चावर नजर टाकायला सांगावे. बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी, जिना नको, आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी एकाच माणसाने नावानिशी घ्यावी. एसटीत 65 वर्षांवरील प्रवाशांना निम्मे तिकीट आणि 75 वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे, त्यामुळे बाहेर नेण्यात पैशाची अडचण फारशी नाही. ठरवलेला दिवस मात्र चुकवू नये. वाट पाहायला लावून न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट.

आमच्या त्या शिक्षकांसाठी आम्ही चार मुले ठरवली आहेत. गणिताची पुस्तके आणि खडू-फळा या महिन्याच्या भेटीत न्यायचा आहे. त्यांनी होकार कळवला आहे, आणि मुलांनी वेळेवर यावे अशी अटही घातली आहे.