गयाबाईचा उजवा डोळा

रिठ्याची बी फरशीवर पडून टेबलाखाली घरंगळत गेली, तो टक-टक आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. परीक्षकांनी माझ्या बाहुलीचा डोळा पेनाच्या टोकानं दाबून पाहिला, तो निखळला, तर म्हणतात, “मॅडम, असे डोळे बाजारात पाकीटभर मिळतात हो. कशाला एवढा खटाटोप?”

बाहुलीचं नाव गयाबाई. हातात घालून नाचवायची. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात टोमॅटोची कॅरेटं मोजणारी बाई, डोक्यावर पदर, कपाळावर आडवं कुंकू. वीस किलोचं एक कॅरेट, तर पाच कॅरेटांचे किलो किती, हे दुसरीच्या मुलांना मी नाही, तीच विचारायची. डोकं वर्तमानपत्राच्या लगद्याचं आणि मैद्याच्या खळीचं. खळीत मोरचूद घालतात, मी घालत नाही. पोरं बोटं तोंडात घालतात. त्याच कारणानं डोळ्यांना गुंजाही नकोत. दिसायला सुंदर, पण विषारी. बाहुल्या करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

डोळ्यांसाठी मी बटणं, टिकल्या, सीताफळाच्या बिया, सगळं करून पाहिलं होतं. रिठ्याच्या बीसारखं काही नाही. काळीभोर, गोल, जात्याच चकाकणारी. ओल्या लगद्यात अंगठ्यानं खोबण करायची, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, बी बसवायची आणि वरून लगद्याची पातळ पापणी अशी ओढायची की बीचा वरचा भाग थोडा झाकला जाईल. बी पूर्ण उघडी राहिली की बाहुली घाबरल्यासारखी दिसते. मग सुईच्या टोकानं प्रत्येक बीवर पांढरा ठिपका, दोन्हीकडे एकाच बाजूला. तो चुकला की बाहुली चकणी. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला मुरलेला हात लागतो, तो उगाच नाही.

तर तो डोळा. मी साडी सावरून टेबलाखाली वाकले, तोवर परीक्षक पुढच्या टेबलावर गेलेसुद्धा. मी गुडघ्यांवर, आणि वर त्यांचं चाललेलं, “वा, छान, आकर्षक!” शेजारच्या बाहुलीला प्लॅस्टिकचे तयार डोळे होते, आत काळी चकती खुळखुळणारी. बी सापडली नाही. खुर्च्या हलवल्या, सतरंजी उचलली, शिपाईमामांनी झाडू फिरवला. एकानंही विचारलं नाही की बाई, काय शोधताय? गयाबाई टेबलावर एका डोळ्यानं बघत बसलेली. पहिला नंबर त्या खुळखुळ्याला. मला नंबराचं दुःख नाही, असं मी तेव्हा घरी सांगितलं. होतं. अजून आहे.

माझं म्हणणं एवढंच, की खुळखुळणाऱ्या डोळ्याला नजर नसते. चकती उताराला जाते, बाहुली कुठंच बघत नाही. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव बघा. बाहुलीकार डोळे फिरवतो, म्हणून तो ज्याच्याकडे पाहतो त्या प्रेक्षकाला हसू फुटतं. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांचे डोळे नुसते रंगवलेले, हलत नाहीत, तरी रोखलेले वाटतात. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. पोरांना वाटलं, माझं कोणी नातेवाईक! आणि २०२२ साली आमच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला, सुमारे अकराशे किलो निघाला, तेव्हा वणीच्या रस्त्यानं गडावर गेले ती आधी डोळेच बघायला. माणूस मूर्तीत काय, बाहुलीत काय, पहिले डोळेच शोधतो.

पण आता खरं सांगते. लगदा वाळताना आकसतो, खोबण सैल होते. गयाबाईचा डोळा सैलच होता, मला माहीत होतं, आदल्या रात्री फेव्हिकॉल लावायचा कंटाळा केला होता. परीक्षकांनी पेन लावायला नको होतं हे खरं, पण मुलांच्या हातात तो दोन दिवसही टिकला नसता. आणि पुढच्या वर्षी पस्तीस मुलांकडून बाहुल्या करून घ्यायच्या होत्या, तेव्हा मी काय केलं? नाशिकहून तेच पाकीट आणलं. पोरांनी डोळे चिकटवले, माना हलवून हलवून खुळखुळवले आणि हसून गडाबडा लोळली. नजरबिजर कुणी विचारली नाही. मीही हसले.

तरी एखादीच बाहुली करायची असेल, तर डोळे विकत आणू नका. रिठ्याची बी आधी पूर्ण वाळू द्या, लगदाही वाळू द्या, मग खोबणीत डिंक भरून बसवा.

गयाबाई अजून कपाटात आहे. डावा डोळा मूळचा, उजवा नंतर बसवलेला. तो किंचित मोठा आहे.