समोर डोंगर, उजवीकडे धावपट्टी!

१९९७ साली हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर उतरताना खिडकीतून काय दिसलं असेल? बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे! शेजारच्या आजी डोळे गच्च मिटून बसलेल्या.

दोस्तांनो, विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणजे ते कमी अंतरात थांबतं. वारा आग्नेयेचा असला, की इथे शहरावरून यावं लागे. रेडिओचा संकेत विमानाला धावपट्टीकडे नव्हे, चक्क डोंगराकडे नेई! डोंगरावर रंगवलेला चौकटींचा पट दिसला, की वैमानिक स्वतः विमान ४७ अंश उजवीकडे वळवी. दिसलाच नाही तर? पुन्हा वर!

आमचा पंख घरांकडे कलला, आणि... टेकली चाकं.

वारा उलटा असता, तर समुद्रावरून सरळ आलो असतो. १९९८ मध्ये तो विमानतळ बंद झाला.