बसल्या जागी हिमालय

फेब्रुवारी संपत आला की आमच्या ऑफिसात कँटीनमधले विषय बदलतात. अप्रेझल मागे पडतं आणि "या वर्षी मेमधे कुठे?" सुरू होतं. उत्तरं साधारण ठरलेली. नुकतंच लग्न झालेले मनाली, लहान मुलं असलेले महाबळेश्वर, आणि ऑनसाइट जाऊन आलेले एकदम स्वित्झर्लंड! आई-वडिलांना बरोबर न्यायचं म्हटलं की मात्र बहुतेक जण टूरवाल्यांचं ब्रोशर उघडतात. मीही उघडलं.

हिमाचल, आठ दिवस, चार ठिकाणं, माणशी बत्तीस हजार. आम्ही पाच जण: आई, बाबा, बायको, सात वर्षांची लेक आणि मी. म्हणजे दीड लाखाच्या वर. हल्ली ईएमआयवर काहीही मिळतं, तसं हेही मिळेल. पण प्रश्न माझ्या ईएमआयचा नव्हताच.

बाबा एसटीत क्लार्क होते. त्यांचं पेन्शन किती ते सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला टायपो वाटेल. "माझं आणि तुझ्या आईचं मी देणार" हा त्यांचा नियम, आणि तो मोडायला गेलं की ट्रिपच मोडते. दोघांचे चौसष्ट हजार ऐकून ते काय म्हणणार हे मला पाठ आहे: "अरे, आमचं आता वय झालं. तुम्ही जाऊन या." आपल्याकडे वडीलधारी माणसं पैशांच्या अडचणीला वय म्हणतात. त्यामुळे 'परवडणारी' या शब्दाची आमच्या घरातली व्याख्या सोपी झाली. बाबा ज्यातला आपला वाटा मान ताठ ठेवून देऊ शकतील, ती परवडणारी ट्रिप.

दुसरी अट आईच्या गुडघ्यांची. खरं तर गुडघे आत्ता बिघडले, पण अट जुनीच आहे. पन्हाळा, महाबळेश्वर, माथेरान... लहानपणीच्या प्रत्येक ट्रिपमधे आईचं एक वाक्य ठरलेलं, "तुम्ही जाऊन या, मी बसते पिशव्यांपाशी." तेव्हा डबे, स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला कोणीतरी लागायचंच. आल्बममधे पॉइंटवरच्या फोटोंत ती जवळजवळ नाहीच. आता डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलंय, पावसाळ्यानंतर करू म्हणाले. त्याआधी तिला हिमालय दाखवायचाय. आणि चार ठिकाणांच्या टूरवर ती पुन्हा गाडीतच बसून राहणार हे उघड आहे. साधारण अडीचशे किलोमीटरचा शिमला-मनाली रस्ता, मग मनाली ते धरमशाला तसाच एक दिवस. एवढं करून पॉइंट आला की चढण!

आमच्या धंद्यात म्हणतात, रिक्वायरमेंट नीट लिहिली की अर्धं डिझाइन आपोआप होतं. मी एक्सेलच्या पहिल्या ओळीत लिहिलं: "आईला बसल्या जागी हिमालय दिसला पाहिजे." मग बरीच नावं पटापट गळली आणि कौसानी उरलं.

कौसानी उत्तराखंडात, कुमाऊँमधे, बागेश्वर जिल्ह्यात आहे. उंची साधारण १८९० मीटर, म्हणजे थंडावा आहे पण विरळ हवेचा त्रास नाही. गाव डोंगराच्या धारेवर वसलंय आणि उत्तरेला खाली दरी, पलीकडे त्रिशूल, नंदादेवी, पंचचुली अशी सगळी रांग. व्हरांड्यात खुर्ची टाकली की झालं. १९२९ साली गांधीजी इथे राहिले होते, तो अनासक्ती आश्रम आहे. हिंदी कवी सुमित्रानंदन पंतांचा जन्म इथलाच. खाली उतरलं की बैजनाथची जुनी दगडी देवळं, नदीकाठी. म्हणजे बाबांची आणि लेकीचीही सोय झाली.

आता हिशेब. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-काठगोदाम, जाऊन-येऊन थ्री एसी, पाच जणांचे पंचवीस हजार. स्लीपरने दहा-एक हजार वाचतात, पण मे महिन्यात भर दुपारी झाशी-ग्वाल्हेर पट्ट्यातून स्लीपरने जाऊन आलेल्या माणसाने हा विषय पुन्हा काढू नये. काठगोदाम ते कौसानी साधारण १४० किलोमीटर, टॅक्सी दोन्ही वेळचे दहा हजार. होमस्टेच्या दोन खोल्या, सहा रात्री, अठरा हजार. खाणंपिणं दहा, बैजनाथची फेरी नि किरकोळ दोन. एकूण पासष्ट. दिल्लीत मामेभाऊ आहे, त्यामुळे तिथला मुक्काम फुकट आणि छोले-भटुरे सक्तीचे :)

शीट बघताना एक लक्षात आलं. पैसे डोंगरात राहण्याचे लागत नाहीत, डोंगरात हलण्याचे लागतात. रोज गाडी, रोज नवी खोली, रोज रस्त्यावरचं जेवण. एका जागी बसलं की खर्च उतरतो. म्हणजे आईच्या गुडघ्यांनीच बाबांचे पैसे वाचवले.

सहा रात्रींचं अजून एक कारण आहे, आणि हे ब्रोशरमधे कुणी लिहीत नाही. मेमधे कुमाऊँची हवा धुरकट असते. धूळ असते, जंगलातल्या वणव्यांचा धूर असतो. कित्येक दिवस समोरची शिखरं दिसतच नाहीत. पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते आणि पहाटे रांग उघडते. एका रात्रीसाठी गेलात तर तो जुगार झाला. सहा सकाळी असतील तर निदान सहा वेळा फासे टाकता येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम हे मलाही माहीत आहे, पण तेव्हा लेकीची शाळा आणि आईचं ऑपरेशन.

तिकिटांबद्दल थोडं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४पासून, आधी १२० दिवस होते), सकाळी आठला. म्हणजे ९ मेच्या गाडीसाठी १० मार्च. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढलंय, कारण ज्येष्ठांच्या लोअर बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तर लागतो. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही, म्हणून लेकीचं पूर्ण काढलं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मधे बंद झाली, ती परत आलेली नाही. बाबांनी त्यावर जे मत दिलं ते इथे छापत नाही.

आणि वार बघून निघा. काठगोदामहून अल्मोड्याच्या रस्त्यावर कैंची धाम लागतं, तिथे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग हलत नाही. आम्ही मंगळवारी वर जातोय, सोमवारी उतरतोय.

शीट बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ कॅल्क्युलेटरवर तपासली. एसटीतली सवय. मग म्हणाले, "यात चहा कुठाय?" चहाची ओळ टाकली, सातशे रुपये. दोघांच्या वाट्याला सव्वीस हजार दोनशे ऐंशी आले. दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून आणले, वरचे वीस रुपये माझ्याकडून परत घेतले आणि आईला म्हणाले, "स्वेटर काढून उन्हात टाक."

आईने फक्त एवढंच विचारलं, "तिथे पिशव्या खोलीत ठेवता येतात ना?"

तिकिटं कन्फर्म आहेत. रजेचा अर्ज आठ दिवसांचा टाकलाय, मॅनेजरने अजून अप्रूव्ह केलेला नाही. वरुणराजाने १२ ते १७ मेच्या दरम्यान एखादी सर पाठवावी, एवढी एकच डिपेंडन्सी आपल्या हातात नाही.