ई-रीडरवर आलेला वाचक

मी नियतकालिकांच्या वेबसाइट बांधतो. पाच-सहा हजार शब्दांचा लेख मोबाइलवर वाचताना डोळे शिणतात, म्हणून काही वाचक तो किंडल किंवा कोबो या ई-रीडरच्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथला पडदा ई-इंकचा. बहुधा राखाडीच्या सोळा छटा, पान बदलायला लागणारा वेळ आणि आधीच्या मजकुराची मागे रेंगाळणारी पुसट सावली. सरकती चित्रं आणि मध्येच उगवणाऱ्या चौकटी अशा पडद्यावर वाचन अशक्य करून टाकतात. म्हणून असा वाचक आलाय हे वेबसाइटला कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ब्राउझर पान मागतो तेव्हा सोबत स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला युजर एजंट म्हणतात. जुन्या किंडल पेपरव्हाइटची ओळ बघा. सुरुवातीला मोझिला, मग लिनक्स आणि त्याला लागून 'लाइक अँड्रॉइड', पुढे सफारी आणि अगदी शेवटी किंडल. मोझिलाशी या यंत्राचा काही संबंध नाही. नव्वदच्या दशकात काही सर्व्हर चांगलं पान फक्त स्वतःला मोझिला म्हणवणाऱ्या नेटस्केप ब्राउझरला द्यायचे, म्हणून इतरांनीही तेच नाव लावलं आणि ते आजतागायत चिकटून राहिलं. खरी ग्यानबाची मेख 'लाइक अँड्रॉइड'मध्ये आहे. वेबसाइटच्या प्रोग्रामने आधी अँड्रॉइड हा शब्द शोधला, की किंडल मोबाइल ठरतं आणि त्याच्या माथी सगळी सरकती चित्रं येतात. कोबोच्या ओळीतही अँड्रॉइड असतं. तेव्हा किंडल आणि कोबो ही नावं आधी तपासायची, अँड्रॉइड नंतर. किंडलवाल्यांच्याच फायर टॅब्लेटचा पडदा मात्र रंगीत एलसीडीचा असतो, त्याला या पंगतीत बसवू नये.

ऑनिक्स बूक्ससारखी ई-इंक यंत्रं नावावरून सापडत नाहीत. त्यांवर साधं अँड्रॉइड आणि बहुधा क्रोम असतं, आणि २०२३पासून क्रोम अँड्रॉइडवरच्या यंत्राच्या मॉडेलऐवजी नुसतं 'के' हे अक्षर पाठवतो. खाजगीपणासाठी केलेला हा बदल मला योग्यच वाटतो. अशा वेळी यंत्राचं नाव न विचारता पडद्याचा स्वभाव विचारावा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये 'अपडेट' नावाची मीडिया क्वेरी आहे. पडदा सावकाश बदलत असेल तर तिचं उत्तर 'स्लो' येतं आणि आपण हालचाली बंद करू शकतो. ब्राउझर यंत्राबद्दल सर्व्हरला ज्या सूचना पाठवतो त्या क्लायंट हिंट्समध्येही यंत्राच्या प्रकारांत 'ई-इंक' ही नोंद आहे, पण ब्राउझरने ती पाठवली तरच उपयोग. जुन्या किंडलच्या ब्राउझरला यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे नावाची तपासणी अजून टाकून देता येत नाही.

इतकं करूनही काही यंत्रं निसटणारच. म्हणून वेबसाइट चालवणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक लेखाच्या वर 'साधं पान' अशी एक लिंक द्या. काळी अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी, हालचाल शून्य. आणि ओळखीची ही माहिती पान नीट दाखवण्यापुरतीच वापरा, वाचकाच्या मागावर राहण्यासाठी नको.