चाइल्ड रेकॉर्ड फाउंड!

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला ओरॅकलवर बसलेल्या प्रत्येकाला हा मेसेज एकदा तरी भेटतोच : ओआरए-०२२९२, इंटिग्रिटी कन्स्ट्रेंट व्हायोलेटेड, चाइल्ड रेकॉर्ड फाउंड. त्यावर लॅबमध्ये जे पीजे होतात ते मराठी विभागात छापण्यासारखे नाहीत! पण मंडळी, मला तो मेसेज फार ओळखीचा वाटतो. आमच्या पापडीच्या घरात हाच वाद वेगळ्या शब्दांत चालू आहे.

आधी थोडं तांत्रिक. (उद्या व्हायवा असणाऱ्यांनी एवढाच पॅरा वाचला तरी चालेल.) फॉरेन की म्हणजे एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे दाखवलेलं बोट. १९७० साली कॉडने रिलेशनल मॉडेलवरच्या पेपरात ही कल्पना मांडली. कन्स्ट्रेंट लावला की जो नाहीच त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही, आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवतंय त्याला पुसता येत नाही. ऑन डिलीट कॅस्केड लिहिलं असेल तर मात्र बाप गेला की पोरंही जातात. सेट नल लिहिलं तर पोरं राहतात, फक्त बापाचा रकाना रिकामा. आपल्यातले बरेच जण कन्स्ट्रेंट लावतच नाहीत, "ते कोडमध्ये बघू" म्हणतात. एसक्यूएलाइटमध्ये तर की नुसती लिहून भागत नाही. साधारणपणे दर कनेक्शनला प्राग्मा देऊन ती चालू करावी लागते, नाहीतर ती शोभेपुरती.

आता आपला सातबारा घ्या. नमुना सातवर जमीन कोणाची ते असतं. नावाबरोबर खाते क्रमांक असतो, तो आठ-अ कडे बोट दाखवतो. फेरफार क्रमांक असतो, तो नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीकडे. खरेदी झाली, वारस लागले की वाटप झालं, ते तिथे कळतं. नुसतं नाव 'की' म्हणून का चालत नाही, हे वसईकराला शिकवायला नको. आमच्या आळीत एकाच नावा-आडनावाचे तिघे आहेत! आणि पुसणं तर नाहीच. जुन्या सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव कंसात जायचं, २०२० च्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली. खालचं नाव वाचता येतंच.

पण एक गोष्ट जर्नलमध्ये कुठेच लिहिलेली नाही. चुकीच्या जागी दाखवलेलं बोट फॉरेन की पकडते, न दाखवलेलं बोट तिला दिसत नाही. मुलं सहा असली आणि तुम्ही तीनच भरलीत, तर डेटाबेस तीन ओळी खुशाल घेतो. एररबिरर काही नाही.

२०१३ मध्ये आजोबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. वाडीच्या सातबाऱ्यावर वारस लावायचे होते. घरातल्याच एका मोठ्या माणसाने अर्ज लिहिला, त्यात फक्त मुलगे. आत्या लग्न होऊन गेल्या, त्यांना कशाला त्रास, हे कारण! आम्हा ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी वाटा सारखाच. आजीला कायदा कुठे माहीत? ती मराठी चौथी शिकलेली. तिने अर्ज मोठ्याने वाचून घेतला आणि म्हणाली, "सहा जन्माला घातलीत मी. सहा लिही." अर्ज पुन्हा लिहिला गेला. आजी धरून सात नावं लागली.

आता वाडीभोवती बिल्डिंगी आल्या आहेत आणि त्या सात नावांना घरात 'अडचण' म्हणतात. गिऱ्हाईक आलं की सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून हक्कसोडपत्राचा विषय निघाला. ते रजिस्टर झाल्याशिवाय आत्यांची नावं निघत नाहीत. काका म्हणतात, एका सहीचं तर काम. धाकटी आत्या करते म्हणाली. थोरली म्हणाली, "आधी वाचते."

पप्पांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, "ऑन डिलीट रिस्ट्रिक्ट." त्यांना काहीच कळलं नाही. मग मराठीत सांगितलं, की आत्या आपणहून म्हणेपर्यंत तिला कोणी सहीचं विचारूही नये. ते काही बोलले नाहीत. मसुदा आजीच्या कपाटात आहे, आणि थोरली आत्या नाताळला येणार आहे.