कांडी संपली की

खापा
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

चि. गुड्डी हिस अनेक आशीर्वाद.

पोळ्याच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पुरणाने भरले होते. तुझी मामी म्हणाली, आधी बोलून घ्या, पोरगी पुन्हा सापडायची नाही. तू चार मिनिटं बोललीस आणि ती चारही मिनिटं मागे की-बोर्डची टकटक चालू होती. मला कमी ऐकू येतं असं तुम्ही सगळे धरून चालता, पण ते तितकंसं खरं नाही.

फोन ठेवल्यावर तू ती यादी पाठवलीस. सकाळी 7.10, गॅलरीत कॉफी, कंसात आठ मिनिटं. मंगळवारी कुंडीतल्या मनीप्लांटला पाणी. शुक्रवारी तर्री पोहे. महिन्यातून एकदा नवी वही. आणि रविवारी 3 ते 4, 'काहीही न करणे'. खाली मला प्रश्न : 'मामा, तुमच्या वेळचे छोटे छोटे आनंद सांगा ना, यादीत घालते.'

मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा रागावलो. तिसऱ्यांदा वाचून बंगईवर जाऊन बसलो, तर चहा गार होईपर्यंत उठलोच नाही. मामीने विचारलं, काय झालं? म्हटलं, पोट्टीने आळसालासुद्धा वेळ नेमून दिली.

पोळ्याला आली नाहीस म्हणून मी रागावलो नाही. (थोडा रागावलो.) पुण्या-बंगलोरची पोरं येत नाहीत ते मी समजू शकतो. पण तू नागपूरच्या मिहानात, खापरीला! खापरी आणि खापा, नावातसुद्धा एका अक्षराचाच फरक. मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली, तेव्हा तूच मला हौसेने बसवून नेलं होतंस. पुढे वर्धा रोडचा तो दुमजली पूल झाला, त्याची लांबी 3.14 किलोमीटर आहे असं कळल्यावर तू किती हसलीस! 'मामा, हा तुमच्या गणिताच्या तासातला पूल, पायचा.' शेजारच्या सीटवरच्या बाईंनाही तू ते समजावून सांगितलंस. त्या दिवशी तुझ्याजवळ यादी नव्हती.

तुझ्या यादीतली एक गोष्ट मात्र मला फार आवडली, ती नवी वही. तुझी आईही नवी वही आधी नाकाला लावायची, मग नाव घालायची. तेवढं सोडू नकोस.

पण शुक्रवारचे पोहे! ते तू घरी मागवतेस हे मला तुझ्या भावाकडून कळलं. तर्री पिशवीत बांधून येते म्हणे, आणि येईस्तोवर पोह्यांचा गोळा झालेला असतो. अगं, तर्री पोहे हा उभ्याने खायचा पदार्थ. पोहे अर्धे संपले की प्लेट पुढे करून 'भाऊ, जरा तर्री मारा' म्हणायचं, शेजारचा अनोळखी माणूस चण्याकडे बघत असतो त्याच्याशी पावसावर बोलायचं, आणि नाक पुसत ऑफिसला जायचं. त्यातलं तुझ्या दारात काय पोचलं? आणि वरून लिहितेस, 'कोथिंबीर जास्त'. कोथिंबीर? खाप्याची पोरगी ना तू? सांबार म्हणायची लाज काऊन वाटून राहिली तुला?

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आमच्या वेळी छोटा आनंद म्हणून वेगळी काढून ठेवायची वस्तूच नव्हती. जे होतं ते कामाच्या मधेमधे पडलेलं असायचं. आबाजींचा माग तू पाहिलास तो मोडलेला, माळ्यावर टाकलेला. मी सांगतो ते 1967-68 चं. शाळेतून आलो की दप्तर खुंटीला आणि मी रहाटावर, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायला. आबाजी खड्ड्यात पाय सोडून बसलेले, पाय पावड्यांवर, हातात दोरी. दोरीला झटका दिला की धोटा इकडून तिकडे. करवतकाठी लुगडं लावलेलं असलं की मात्र हा झटक्याचा वेग नाही. तेव्हा तीन धोटे, दोन काठांचे आणि एक मधल्या अंगाचा. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा, तेव्हा कुठे ते करवतीचे दात एकाखाली एक उमटायचे.

आता ऐक. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते. संपली की माग थांबतो, त्याला इलाज नाही. आबाजी 'कांडी!' म्हणून हाक द्यायचे आणि मी कांडी हातात ठेवेपर्यंत मान वळवून दाराबाहेर बघायचे. कोण बाजाराला निघालं, कुणाची बकरी कुणाच्या ओट्यावर चढली, कन्हानवरून येणारा वारा ओला आहे की कोरडा. एवढंच. मी काय करायचो, मुद्दाम कांडी उशिरा द्यायचो. कितीतरी वर्षांनी, आजारपणात, ते मला म्हणाले, 'तू उशीर करायचा ते मला समजत होतं बरं.' ते यादीत कसं घालशील?

उन्हाळ्यात तर गंमतच. सुताला ओल लागते, कोरड्या हवेत ते कडक होऊन तुटतं. माग खड्ड्यात बसवायचा तो म्हणूनही, जमिनीतली गार ओल सुताला मिळावी. तरी आपला मे महिना! आजी दिवसातून चारदा जमिनीवर पाणी शिंपडायची आणि तरी ताण्याची तार तुटायचीच. तुटली की पाय थांबायचे. दोन टोकं शोधायची, बोटाला राख लावून सांधायची, मग पुढे. तेवढ्यात शेजारचे काका डोकावायचे, पानाचा डबा निघायचा, सुताच्या भावावरून सरकारला दोन शिव्या व्हायच्या. खाप्यातल्या निम्म्या सोयरिकी मे महिन्यात तुटलेल्या तारेवर जुळल्या असं मी म्हणतो. तुझ्या आईची तर नक्कीच. ती हकीकत तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

तू म्हणशील, मामा गरिबीचं कौतुक करून राहिले. नाही गं. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी लुगड्यामागे, आणि किराणा नेहमी उधारीवर. आबाजींना म्हातारपणी गुडघ्यांनी उठू दिलं नाही. त्या खड्ड्यात घरातल्या कुणाला पुन्हा बसवायचं नाही म्हणून तर मी मास्तर झालो आणि तू इंजिनीअर. खड्डा गेला याचं मला दुःख नाही. त्याच्याबरोबर थांबणंही गेलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्या कामात कांडी संपतच नाही. जेवताना डाव्या हाताशी लॅपटॉप, रात्री अकराला अमेरिकेचा कॉल, मेट्रोतसुद्धा मान खाली. तारच तुटत नसेल तर माणूस मान कधी वळवणार?

गेल्या दिवाळीत तू मला तुमच्या ऑफिसातला कानबान समजावलास. पाटीवर चिठ्ठ्या, करायचं काम, चालू काम, झालेलं काम. पद्धत टोयोटाची, असं तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस. मी मास्तर माणूस, ग्रंथालयात बसून शोधलं. टोयोटाचा मूळपुरुष मोटारवाला नव्हताच! साकिची तोयोदा, जन्म 1867, सुताराचा पोरगा. गावातल्या बायांना मागावर राबताना बघून माग सुधारायच्या नादाला लागला, आणि 1924 मध्ये त्याचा तो नामांकित स्वयंचलित माग आला. त्याची खुबी सांगतो : ताण्याची एक तार तुटली की माग आपोआप थांबायचा. खराब कापड विणत पुढे जायचंच नाही. 1929 मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले आणि पोरगा किइचिरो मोटारींकडे वळला. पुढे त्यांच्या मोटारीच्या कारखान्यात दोरी टांगलेली असायची. काही बिनसलं दिसलं की साध्या कामगारानेही ती ओढावी, अख्खी लाइन थांबवता यावी. म्हणजे आबाजींचाच नियम की गं तो, जपानी टोपी घातलेला. तुमच्या ऑफिसने चिठ्ठ्या तेवढ्या आणल्या. दोरी कुठे आहे, ते उद्या तुझ्या साहेबांना विचार.

या दोरीच्या मागे मी असा लागलो आहे की हल्ली मला सगळीकडे तुटलेली तारच दिसते. एसटी पंक्चर झाली की लोक उतरून बोलायला लागतात. भारनियमन होतं तेव्हा अख्खी गल्ली बाहेर यायची, तुम्ही पोरं अंधारात लपाछपी खेळायची, अंताक्षरीत मामी दरवेळी 'ठ'वर अडायची. दिवे आले की 'हे ऽऽ' म्हणून सगळे आपापल्या घरात. ते भारनियमन गेलं आणि गल्ली मुकी झाली, असं मी परवा म्हणालो, तर मामी म्हणाली, मग आजपासून पंखा बंद करून झोपा. तिला तत्त्वज्ञान कळत नाही.

आणि रविवार! रविवारातला एक तास तू काढलास, बाकीचे काय झाले? तो दिवस आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक माणसाने मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यावर वर्षानुवर्षं डोकं आपटलं, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यांनी तीन ते चार मागितलं नव्हतं, पोरी. पुरा दिवस मागितला होता.

रिकाम्या वेळेवरून आठवलं, सावनेरच्या वाटेवर मला नेहमी नाटककार गडकरी आठवतात. तुम्हा पोरांना मी तिथे घेऊन गेलो होतो, तुझं लक्ष सगळा वेळ संत्र्यांच्या गाडीकडे. 'रिकामपणची कामगिरी' असं नाव आपल्या लेखांना देणारा माणूस! पण स्वतः किती रिकामा राहिला? आजारी शरीराने 'भावबंधन'चा शेवटचा अंक पुरा केला आणि 23 जानेवारी 1919 ला सावनेरातच गेला. 'राजसंन्यास' तसंच राहिलं. वय 33. म्हणजे तुझ्याहून फक्त

हे मी का लिहायला घेतलं? खोडत नाही, कारण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, तुझी सवय मला ठाऊक आहे.

खरं सांगतो, हे सगळं लिहितो आहे त्याचं कारण दुसरंच आहे. फोनच्या शेवटी तू हसत हसत बोललीस, 'मामा, माझं घड्याळ येडंच आहे, बसल्या जागी ठोके 110 दाखवते, सारखं पीं पीं करते, म्हणून मी त्याचा आवाजच बंद करून टाकला.' आणि लगेच पुरणात जायफळ घातलं का म्हणून विचारलंस. मी घातलं म्हणालो. तेव्हापासून झोप नाही. रात्री उठून मी माझे ठोके मोजले, भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून. 72. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे 72 आणि तुझे 110, तेही खुर्चीत बसून? तोयोदाने थांबवणारी जी सोय मागाला लावली ती तू हौसेने पगार घालून मनगटाला बांधलीस, आणि ती बोलायला लागली तर तिचंच तोंड दाबलंस?

कदाचित काही नसेलही. कॉफी असेल, जागरण असेल, जेवण चुकलेलं असेल. रक्त कमी असलं तरी ठोके वाढतात म्हणतात, आणि तुझ्या आईचं रक्त नेहमीच कमी असायचं. थायरॉइडही असू शकतं. मी डॉक्टर नाही, म्हणूनच म्हणतो, डॉक्टरकडे जा. नेटवर वाचू नकोस, मीही वाचलं आणि पस्तावलो. रक्त तपासून घे, सांगितलं तर ईसीजी काढ. आईला आत्ताच सांगू नकोस, ती रात्रीच्या गाडीने निघेल. पण मला सांग, आणि फोनवर सांग, त्या पिवळ्या हसऱ्या तोंडाने नको. त्या दिवशी तुझा आवाजही दमलेला होता. का, लाइनच खराब होती?

शनिवारी ये. बर्डीला उतरून मला फोन कर, मी एसटी स्टँडवर येऊन बसतो. लवकर येऊन बसतो, तिथे गप्पा मारायला माणसं असतात. कन्हान भरून वाहते आहे, घाटावर उतरायचं नाही, वरूनच बघू. माळ्यावर मागाचे सांगाडे तसेच आहेत, पण कालच मी रहाट खाली काढला आणि पुसला. चाक फिरतं अजून, थोडं कुरकुरतं. तुला कांडी भरता येते का बघू. लहानपणी तू सूत गुंतवून ठेवायचीस आणि आजीला वाटायचं मांजराने केलं. मी कधी सांगितलं नाही.

लॅपटॉप आणायचाच असेल तर आण, पण चार्जर मी लपवणार आहे.

तुझा
मामा

ता. क. करंज्या डब्यात ठेवल्या आहेत. मामी म्हणते शनिवारपर्यंत आठ उरतील. मी रोज संध्याकाळी डब्यापाशी जातो, त्यामुळे पाच धरून चाल. आणि तपासणीची तारीख आधी घे, मग बसचं तिकीट.