टर्बो गेलाय म्हणे!

‘टर्बोचार्जर म्हणजे काय?’ हा व्हायवातला अगदी प्रेमळ प्रश्न. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक टर्बाइन फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. एवढं बोललं की एक्स्टर्नल खूश आणि आपण बाहेर. पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : हवा किती दाबली गेली हे त्या इंजिनाला कळतं कसं?

मला तो प्रश्न २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत पडला, तोही वाईला मामांच्या अंगणात. मामांची २०१४ सालची डिझेल गाडी आहे, पिवळ्या पाटीची. वाई-पाचगणी-महाबळेश्वर भाडी मारतात. दिवाळीचे पंधरा दिवस म्हणजे त्यांचा सीझन, आणि नेमकी त्याच वेळी गाडीने पसरणी घाटात मान टाकली. मामांच्या शब्दांत, “तिसऱ्या गिअरला जरा दाबली की एकदम मेल्यागत होती. लाईट लागती. बाजूला घेऊन बंद करून चालू केली की परत दोन वळणं जाती.” मागे बसलेल्या पॅसेंजरने खाली उतरून दुसरी गाडी केली, हे त्यांनी शेवटी हळूच सांगितलं.

गाडी गॅरेजमध्ये दाखवून झाली होती. स्कॅनर लावला, कोड आला पी-०२३४. म्हणजे ओव्हरबूस्ट, टर्बो ठरल्यापेक्षा जास्त दाब देतोय. गॅरेजवाल्यांनी आधी दाबाचा सेन्सर बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग निकाल लागला, “टर्बो गेलाय. आतली पाती काजळीनं अडकलीत. पंचावन्न हजार.” घरात मामींच्या पाटल्या सोसायटीत ठेवायची बोलणी चालू झाली होती. गाडीचे अजून सात हप्ते बाकी. “तू मेकॅनिकलला हायेस न्हवं, बघ की जरा,” मामा म्हणाले. मंडळी, ‘मेकॅनिकलला असणे’ याचा घरच्यांच्या दृष्टीने अर्थ काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं आपल्याला यायलाच पाहिजे!

माझ्याकडे शस्त्रं दोन : रूमपार्टनरबरोबर अर्धे-अर्धे पैसे काढून घेतलेला सहाशे रुपयांचा ओबीडी डोंगल आणि त्याचाच मल्टिमीटर.

आधी गॅरेजवाल्यांचं म्हणणं तपासलं, कारण ते अशक्य नव्हतं. या टर्बोत टर्बाइनभोवती हलती पाती असतात. पाती मिटली की वायू जोरात घुसतो आणि दाब वाढतो, उघडली की कमी होतो. काजळीने ती मिटलेली अडकली तर ओव्हरबूस्ट होणारच. पण पाती हलवणारा दांडा बाहेरून दिसतो. मामांनी इंजिन चालू केलं, दांडा व्हॅक्यूमने सर्रकन आत ओढला गेला. बंद केलं, परत जागेवर. दहा वेळा केलं, दहाही वेळा कुठे अडखळला नाही. दांडा मोकळा, म्हणजे पातीही बहुधा मोकळी. शिवाय मामांची तक्रार गाडी ओढत नसल्याची, धावत सुटल्याची नाही. खरोखर जास्त दाब मिळाला तर कोड येण्याआधी गाडी जोर दाखवेल. ही तर आधीपासूनच मरगळलेली होती.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली आणि मोबाइलवर आकडे बघितले. इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये कसलाही बूस्ट नसतो. तिथे बाहेरचीच हवा असते. त्यामुळे टर्बोच्या सेन्सरने त्या वेळी हवेचा साधा दाबच दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास, वाई सातशे मीटरवर म्हणून साधारण ९३. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर होता, तो प्रामाणिकपणे ९३ दाखवत होता. टर्बोचा सेन्सर दाखवत होता ११२.

बंद इंजिनात १९ किलोपास्कलचा बूस्ट! असा टर्बो कुणाकडे असेल तर त्याने ताबडतोब पेटंट घ्यावं.

आता कोडचा अर्थ लागला. दाब जास्त नव्हताच, कॉम्प्युटरला तो जास्त ‘दिसत’ होता. म्हणून तो बिचारा पाती उघडत होता, हवा कमी करत होता. गाडी मरगळलेली त्यामुळे. आणि मधूनच आकडा फारच वर उडी मारायचा, तेव्हा तो घाबरून ताकद तोडत होता आणि लाईट लावत होता. पण सेन्सर तर नवा कोरा. मग?

धागा सापडला तो दाबात नाही, तापमानात. त्या सेन्सरला चार पिना असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, दाबाचा सिग्नल, हवेच्या तापमानाचा सिग्नल आणि अर्थ. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनचं पाणी आणि इनटेकमधली हवा यांचं तापमान जवळपास सारखं पाहिजे. पाणी १९ अंश दाखवत होतं, हवा १४. एकाच नव्या सेन्सरमधली दोन वेगळी मापं एकाच वेळी चुकत होती. दाब जास्त, तापमान कमी. दोन्हींत सामाईक काय, तर पुरवठ्याचा उगम आणि अर्थची वायर. अर्थच्या वाटेत रोध आला की त्या पिनेवर शून्याऐवजी थोडे व्होल्ट चढून बसतात, आणि त्यावर उभे असलेले दोन्ही सिग्नल तेवढे उचलले जातात. दाबाच्या सिग्नलचे व्होल्ट वाढले की दाब जास्त वाटतो. तापमानाचा थर्मिस्टर उलटा, व्होल्ट वाढले की हवा गार वाटते. बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर आपण ज्या भावनेने देतो ते आठवून मला स्वतःचंच हसू आलं.

मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कनेक्टरच्या मागून टाचणी घालून अर्थच्या पिनेला. शून्याच्या जवळ यायला हवं होतं. आलं ०.४ व्होल्ट. पुरवठा मोजला, पाचला पाच. मामांना म्हटलं, “तुम्ही मोबाइलवरचा आकडा वाचत राहा,” आणि मी हार्नेस टोकापासून हळूहळू हलवत गेलो. “एकशे बारा... एकशे बारा... एकशे चौदा... आरं, दीडशे! दीडशे झालं!” हात जिथे होता तिथे हार्नेस एका लोखंडी पट्टीवर टेकला होता. त्याची क्लिप कधीतरी कुठल्यातरी कामात निघाली ती परत बसवलीच नव्हती. टेप सोडली. घासून घासून वायरचं आवरण गेलेलं, आत पाणी शिरून तांबं हिरवं झालेलं. दोन-तीन तारांवर सगळा कारभार चालू होता.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. बॅटरीची तार काढली, खराब तुकडा कापला, नवा जोडून सोल्डर केला, स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली, हार्नेस पट्टीपासून लांब बांधला. वायर, स्लीव्ह, टेप मिळून एकशे चाळीस रुपये. चावी फिरवली : ९३ आणि ९३. अर्थवर ०.०२ व्होल्ट. मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “घाट चढल्यावर सांगतो.” घाटाशिवाय हो म्हणायची माझी छाती नव्हती.

दुपारी मामा, मी आणि मागच्या सीटवर वजनाला म्हणून तांदळाची दोन पोती, असे निघालो. पसरणी घाटातलं जे वळण दरवेळी दगा द्यायचं तिथे मामांनी तिसऱ्यात पाय दाबला. दाब २१० पर्यंत गेला, तिथेच टिकला आणि गाडी पुढे. मामा काही बोलले नाहीत, फक्त रेडिओ लावला.

टर्बो आणि घाट यांचं नातं तसं जुनं आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक नावाच्या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन टर्बो लावून तपासलं, कारण विरळ हवेत इंजिन दमतं आणि ते खाली बसून कळत नाही. आमचं पाचगणी त्या मानाने टेकडीच.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद करायला सांगून पुन्हा चावी फिरवली. दोन्ही सेन्सर ८७. मामांचा चेहरा पडला. “आरं, ह्यो आकडा तर उतरला. परत गेला का काय सेन्सर?”

“नाही मामा, दोन्ही सारखेच उतरलेत. वर हवाच विरळ आहे.”

ते दरीकडे बघत जरा वेळ विचारात पडले. “म्हणजे ही आपली उंची मोजती व्हय?” म्हणाले, आणि खाली येईपर्यंत दर दोन वळणांनी मला आकडा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवसापासून भाडी चालू झाली. गॅरेजवाल्यांनी काढून दिलेला जुना सेन्सरही मी नंतर लावून बघितला. दाब ९३, तापमान बरोबर, एकदम ठणठणीत. तो सध्या होस्टेलवर माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणाला बघायचा असेल तर जरूर या, फक्त मल्टिमीटर आपला आणा. आमचा रूमपार्टनर प्रोजेक्टसाठी घेऊन गेलाय, तो अजून परत आलेला नाही.